टिकलेत म्हणजे खूश आहेत?

"आमच्याकडची माणसं सोडून जात नाहीत," असं लातूर-नांदेडकडचा मालक अभिमानानं सांगतो. डाळ मिलचा असो, दवाखान्याचा असो की शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, सूर तोच. त्यामागचं गणित सोपं आहे. माणूस नाराज असता तर गेला असता. गेला नाही, म्हणजे खूश आहे. व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकांत हेच गणित दुसऱ्या बाजूनं मांडलेलं असतं: कामातलं समाधान वाढवा, गळती आपोआप थांबेल. दोन्ही मांडण्या अर्धवट आहेत. कामातलं समाधान आणि नोकरी सोडणं यांचा संबंध आहे, पण त्या दोहोंच्या मध्ये दुसरीकडे जायची वाट येते. ती वाट नसेल तर नाराज माणूसही वर्षानुवर्षं मस्टरवर सही करत राहतो. मराठवाड्यात ही वाट बहुतेकांसाठी अरुंद आहे आणि म्हणून इथे गळतीच्या आकड्यावरून समाधान ओळखू गेलं की हमखास फसायला होतं. असमाधानामुळे किती लोक जातील हे फारसं ठरत नाही. त्यातले कोण जातील आणि केव्हा जातील, हे मात्र बऱ्याच अंशी ठरतं.

या विषयाचा अभ्यास नवा नाही. रॉबर्ट हॉपॉक या अमेरिकी अभ्यासकाचं कामातल्या समाधानावरचं पुस्तक १९३५ सालचं. पण खरा मुद्दा पकडला तो जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनी, १९५८ मध्ये. माणूस नोकरी सोडतो तेव्हा दोन गोष्टी एकत्र काम करतात, असं त्यांनी मांडलं: सोडावीशी वाटणं आणि सोडता येणं. पुढच्या चार दशकांत शेकडो पाहण्या झाल्या. त्या एकत्र करून ग्रिफेथ, हॉम आणि गर्टनर यांनी २००० साली हिशेब मांडला, तेव्हा एकूण समाधान आणि प्रत्यक्ष नोकरी सोडणं यांच्यातला सहसंबंध निघाला साधारण उणे ०.२. संख्याशास्त्राच्या भाषेत याचा अर्थ असा की, कोण गेलं आणि कोण राहिलं यातला जेमतेम चार टक्के फरक समाधानानं उलगडतो. ज्या गोष्टीवर एवढी पुस्तकं लिहिली गेली, तिचा हा वाटा फारच किरकोळ वाटतो. पण त्याआधी, १९८७ मध्ये, कार्स्टन आणि स्पेक्टर यांनी एक वेगळाच प्रश्न विचारून ठेवला होता: ज्या काळात ही पाहणी झाली तेव्हा बेकारी किती होती? बेकारी कमी असताना समाधान आणि गळती यांचा संबंध ठळक दिसतो, बेकारी वाढली की तो फिका पडतो, असं त्यांना आढळलं. नाराजी तेवढीच असते. फक्त तिला बाहेर पडायला जागा उरत नाही. हे सगळे आकडे बहुतांशी अमेरिकेतले आहेत, त्यांचा आपल्याशी काय संबंध, अशी शंका रास्त आहे. पण नोकऱ्या मुबलक असलेल्या देशातसुद्धा जर जायच्या वाटेवर इतकं अवलंबून असेल, तर जिथे पोराला बारावीनंतर थेट चाकणची किंवा वाळूजची गाडी धरावी लागते तिथे ते अधिकच लागू पडणार.

अगदी टोकाचं उदाहरण ऊसतोडीचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादम टोळ्या घेऊन निघतो, पण टोळी पक्की झालेली असते ती त्याआधीच, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिली तेव्हा. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या कोयत्यावर. हंगामात तोडलेल्या टनांतून ती फिटायची, आणि फिटली नाही तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामाच्या खात्यावर. या कामात हंगामाच्या मध्येच सोडून जाण्याचं प्रमाण बघून कुणी समाधानाचं अनुमान काढलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पहाटे फडात उतरायचं, रात्री-अपरात्री ट्रक आला की मोळ्या भरायच्या, पाचटाच्या खोपीत राहायचं, आणि तरी माणूस जागचा हलत नाही, कारण हलण्याची किंमत त्यानं आधीच खर्च केलेली असते. साखर कारखान्याच्या कागदावर तर तो कामगार म्हणूनही धड दिसत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली. आगाऊ पैशानं माणूस बांधून ठेवण्याची रीत मात्र आजही रूढ आहे.

ऊसतोडीचं सोडा, ती कंपनीतली नोकरी नव्हे, असं कुणी म्हणेल. मग शिकलेल्या माणसांकडे बघू. महाराष्ट्रात २००१ नंतर शाळांना मान्यता मिळू लागली ती 'कायम विनाअनुदानित' या तत्त्वावर. २००९ मध्ये त्यातला 'कायम' हा शब्द काढला गेला आणि पुढे २० टक्के, ४० टक्के असं टप्प्याटप्प्यानं अनुदान येऊ लागलं. या सगळ्या काळात मराठवाड्यातल्या कितीतरी शाळांत बी.एड. झालेली माणसं नाममात्र पगारावर, कधी त्याहीविना, शिकवत राहिली. सुट्टीत शेती, संध्याकाळी शिकवण्या, आणि मुंबईच्या आझाद मैदानावर धरणं. ती टिकली, कारण प्रत्येक गेलेलं वर्ष ही गुंतवणूक होती. आठ वर्षं काढली, आता टप्पा जवळ आलाय, आत्ता सोडलं तर आठही वर्षं पाण्यात. सोडून जाण्यात माणूस काय काय गमावतो, याला टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये फार महत्त्व दिलं. माणूस नोकरीत रुतलेला असतो, असं त्यांचं म्हणणं: कामावरच्या ओळखी, गावातलं घर, मुलांची शाळा, म्हातारे आईबाप आणि सोडताना हातचं जाणारं, हे सगळं त्याला धरून ठेवतं. मराठवाड्यात या यादीत चार एकर कोरडवाहू जमीनही धरावी लागते. नांदेडात नऊ हजारांवर काम करणारा पुण्यात अठरा हजार मिळत असूनही जात नाही, तेव्हा त्याला नांदेडची नोकरी आवडते असं समजू नये. शनिवारी गावाकडे जाऊन सोयाबीनवर फवारणी करता येते, हा त्याचा हिशेब असतो.

आता आक्षेप येतो तो मालकाच्या बाजूनं, आणि तो टाळण्यासारखा नाही. परिस्थितीच माणसं धरून ठेवत असेल, तर समाधानाची काळजी मालकानं करावीच कशाला? याचं पहिलं उत्तर राज्यभर दिसलं ते २०२१ मध्ये. एसटी महामंडळाची नोकरी सहसा कुणी सोडत नाही. चालक-वाहकांच्या दोन-दोन पिढ्या एकाच आगारात निघालेल्या आहेत. गळतीवरून मोजलं असतं तर एसटी हे राज्यातलं सर्वांत समाधानी खातं ठरलं असतं. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला आणि लातूर-नांदेडसह राज्यभरची आगारं बंद पडली. नोव्हेंबरमध्ये सरकारनं मूळ वेतनात वाढ जाहीर केली; दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना पाच हजार, त्यापुढच्यांना चार हजार, वीस वर्षांच्या वर अडीच हजार. तरी संप मिटला नाही. उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू व्हायला सांगितलं, तोवर पाच महिन्यांहून जास्त काळ लोटला होता. कर्मचाऱ्यांची मागणी होती राज्य शासनात विलीनीकरणाची. म्हणजे नोकरी सोडायचा विचार नव्हताच, ती आणखी घट्ट करून हवी होती. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्येच सांगितलं होतं की, नाराज माणसापुढे दोन रस्ते असतात: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. पहिला बंद असला की सगळा दाब दुसऱ्यावर येतो. ज्याला मालक स्थैर्य समजत होता, तो कित्येकदा साचलेला दाब असतो. आणि आवाज उठवण्याचीही सोय नसेल, संघटना नसेल, तर तिसरा रस्ता उरतोच: हजर राहायचं आणि काम मात्र पगारापुरतं करायचं. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तीनशेहून अधिक नमुन्यांचा आढावा घेतला, त्यात समाधान आणि कामाचा दर्जा यांचा सहसंबंध सुमारे ०.३ निघाला. गळतीशी असलेल्या संबंधापेक्षा हा जास्त आहे. चांगलं काम जमतं म्हणून माणूस खूश असतो की खूश असतो म्हणून चांगलं काम करतो, हा वाद मिटलेला नाही. बहुधा दोन्ही खरं असावं. तरी एवढं दिसतं की, असमाधानाचा फटका राजीनाम्याच्या कितीतरी आधी बसायला लागतो.

दुसरं उत्तर लातूरच्या ट्यूशन एरियात मिळतं. १९७० साली सुरू झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमधून उभा राहिलेला 'लातूर पॅटर्न' मुळात महाविद्यालयांचा होता: जादा तास, सराव परीक्षा, पेपर तपासून दुसऱ्या दिवशी हातात. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांचं महत्त्व वाढत गेलं तसा त्याचा मोठा हिस्सा खासगी क्लासेसकडे सरकला, लातुरात आणि नांदेडातही. या धंद्यात माल म्हणजे शिकवणारा माणूस. फिजिक्सचा चांगला शिक्षक बॅच भरतो. होर्डिंगवर फोटो त्याचा असतो आणि पालक प्रवेशाच्या वेळी विचारतात तेही तोच पुढच्या वर्षी शिकवणार आहे का. अशा माणसाला समोरच्या गल्लीतला क्लास बोलावत असतो, नाहीतर स्वतःचा फलक लावायचा पर्याय तर असतोच. पण त्याच क्लासमधला शंकानिरसन घेणारा, पेपर तपासणारा किंवा काउंटरवर फी घेणारा तेवढाच नाराज असला तरी कुठे जाणार? म्हणजे एकाच छपराखाली, एकाच मालकाच्या एकाच वागणुकीमुळे आलेली नाराजी एका माणसाला बाहेर काढते आणि दुसऱ्याला आत कुढवत ठेवते. जाणारे नेमके ते, ज्यांच्यावाचून अडतं. दरवर्षी थोडी माणसं बदललेली बरी, नवं रक्त येतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कामचुकार गेला तर गळती फायद्याचीच. पण कामचुकाराला बोलावणं कुणाचं येत नाही. नाराज संस्थेची चाळणी उलटी चालते, दाणे निघून जातात आणि खडे राहतात.

या मांडणीला छेद देणारं एक उदाहरण आहे, आणि ते बँकांचं. वाट बंद असली की माणूस टिकतो, हे खरं असेल तर मागास जिल्ह्यातल्या खासगी बँकेतली पोरं चिकटून बसायला हवीत. तसं होत नाही. रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२४ मधल्या आपल्या वार्षिक अहवालात, निवडक खासगी बँका आणि लघुवित्त बँकांमध्ये कर्मचारी सोडून जाण्याचं प्रमाण सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास असल्याचं नोंदवलं. यामुळे ग्राहकसेवा विस्कळित होते, संस्थेला असलेली माहिती हातची जाते आणि नव्या भरतीचा खर्च वाढतो, अशी काळजीही त्यात आहे. दुसरीकडे ग्रामीण बँक घ्या. मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ साली निघाली, मुख्यालय नांदेडला. पुढे विलीनीकरणं होत होत २०२५ मध्ये राज्याची मिळून एकच ग्रामीण बँक झाली. कर्जाच्या फायली, वसुलीची फिरती, मार्चअखेरची धावपळ, काम बरंचसं तेच. पण पन्नाशीतला ग्रामीण बँकेचा माणूस राजीनामा देत नाही. फरक कुठे आहे? जिल्ह्यातली एकूण बेकारी हे वाटेचं माप नव्हेच, हे इथे कळतं. वाट असते ती कामापरत्वे. कंधार किंवा अहमदपूरकडच्या गावांत सकाळी सात वाजता बचत गटाच्या बायकांची सेंटर मीटिंग घेणारा, लघुवित्त बँकेसाठी हप्ते गोळा करणारा, मोटरसायकलवर दिवसाला चार गावं करणारा दोन वर्षांच्या अनुभवाचा पोरगा दुसऱ्या फायनान्स कंपनीला तयार मिळतो. त्याच्यासाठी त्याच रस्त्यावर चार पाट्या आहेत. टार्गेटचा जाच नव्या ठिकाणीही तोच, हे त्याला ठाऊक असतं; पण दोन हजार जास्त मिळाले आणि जुन्या साहेबाचं तोंड बघावं लागलं नाही, एवढंही पुरतं. ग्रामीण बँकेच्या माणसाकडे मात्र सोडण्यासारखं बरंच काही आहे: पगारश्रेणी, पेन्शन, कायमपणा. त्यामुळे बँकांचं उदाहरण मांडणी मोडत नाही, ती अधिक नेमकी करायला लावतं. प्रश्न 'या गावात नोकऱ्या आहेत का' असा विचारायचा नसतो. 'या माणसाच्या हातातल्या कसबाला या गावात दुसरं कोण पैसे देईल' असा विचारायचा असतो.

मालकांना हे पुस्तकाशिवायच समजलेलं असतं, आणि त्यावर त्यांचा आवडता उपाय म्हणजे करारपत्र. दोन वर्षं सोडणार नाही, सोडलं तर एवढे पैसे भरीन, मूळ प्रमाणपत्रं तुमच्या कपाटात. कायद्याची बाजू इथे दुहेरी आहे. नोकरी संपल्यावर माणसाला आपला व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ नुसार चालत नाही. म्हणजे क्लास सोडलेल्या शिक्षकानं याच शहरात शिकवू नये, हे कागदावर लिहून घेतलं तरी ते टिकणं कठीण. पण नोकरी चालू असतानाच्या काळापुरती अट वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. भरतीवर सार्वजनिक बँकेचा होणारा खर्च त्यात लक्षात घेतला गेला. करारपत्र माणसाला थांबवू शकतं, हे मान्य. पण त्यानं वाट बंद होते, नाराजी आहे तिथेच राहते; उलट थोडी वाढते. पंचविसाव्या महिन्यात तो जातो, आणि मधल्या चोवीस महिन्यांत त्यानं काय मनानं काम केलं असेल याचा हिशेब करारपत्रात नसतो.

पगार वाढवला की सगळं मिटतं, हा याहून जुना समज. त्याचा सर्वांत गाजलेला दाखला हेन्री फोर्डचा. १९१३ साली त्याच्या डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात गळती ३७० टक्क्यांवर गेली होती. साधारण १४ हजार माणसं कामावर ठेवायला वर्षभरात ५० हजारांवर भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये त्यानं दिवसाला पाच डॉलर जाहीर केले, रोजी जवळपास दुप्पट, आणि दोन वर्षांत गळती १६ टक्क्यांवर आली. पण सरकत्या पट्ट्यावर तोच नट तेवढ्याच वेगानं पिळायचं काम जसं होतं तसंच राहिलं. बदललं ते एवढंच की, आता सोडणं परवडेना. पुढे १९४१ मध्ये त्याच फोर्डला संपानंतर संघटनेशी करार करावा लागला. पगारानं गळती थांबते, यात वाद नाही, आणि नऊ हजारांवर घर चालवणाऱ्याला समाधानाचं प्रवचन देणं हा निव्वळ निर्लज्जपणा होईल. मात्र गळती थांबली म्हणून समाधान आलं असं समजणं, ही पहिल्याच परिच्छेदातली चूक दुसऱ्या दारानं आत येणं आहे.

उलट बाजूही आहे: समाधानी माणसंही जातात. ली आणि मिचेल यांनी १९९४ मध्ये मांडलं की, कित्येक राजीनामे हळूहळू पिकलेल्या नाराजीतून येतच नाहीत. एखादी घटना घडते आणि माणूस नव्यानं विचार करायला लागतो. आपल्याकडे ती घटना बहुधा वर्तमानपत्रात छापून येते. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नांदेडच्या शोरूममधली, मेडिकलमधली, मॉलमधली पोरं सुट्ट्या मागायला लागतात, आणि मैदानी चाचणीच्या आधी काम सोडतात. त्यांना मालकाशी काही वाकडं नसतं. सोयरीक जुळवताना मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात तो कायम आहे का हा, आणि त्याला खासगी नोकरीत उत्तर नाही. अशी गळती मालकाच्या हातातली नव्हे. तिचा दोष त्यानं स्वतःला लावून घेऊ नये आणि तिच्या आडून बाकीच्या गळतीकडे डोळेझाकही करू नये. अडचण अशी की दोन्ही प्रकारच्या राजीनाम्यात कारण एकच लिहिलेलं असतं: वैयक्तिक.

म्हणून नुसत्या टक्केवारीवर भिस्त ठेवणं सोडावं लागतं. समजा, एका डाळ मिलमध्ये चाळीस माणसं आहेत आणि वर्षात बारा गेली. गळती तीस टक्के. पण छत्तीस माणसं जागच्या जागी असून हमालीच्या त्याच चार जागा तीन-तीनदा बदलल्या असतील तर गोष्ट एक. आणि सॉर्टेक्स म्हणजे डाळ निवडणाऱ्या यंत्रावरचा माणूस, भट्टीवरचा माणूस, फिटर असे बारा वेगवेगळे गेले असतील तर गोष्ट साफ वेगळी. लाल तूर आली, पांढरी आली, ओल जास्त असली, तर तेल-पाणी किती लावायचं, वाळवण किती द्यायचं, रोलरवर किती दाबायचं म्हणजे टरफल निघेल आणि चुरी कमी पडेल, हे तूर हातात घेऊन सांगणारा माणूस तयार व्हायला काही हंगाम जातात. डाळीचा भाव त्याच्या अंदाजावर ठरतो. तो गेला की आकड्यात एकच माणूस कमी होतो. मोब्ली या अभ्यासकानं १९७७ मध्ये सोडण्याच्या पायऱ्या मांडल्या: आधी नाराजी, मग सोडण्याचा विचार, मग चौकशा, मग पक्का इरादा, आणि शेवटी राजीनामा. इरादा आणि राजीनामा यांचा संबंध समाधानाच्या मानानं दुपटीच्या आसपास निघतो. मालकाला दिसते ती शेवटची पायरी. आधीच्या चार दिसाव्यात असं वाटत असेल तर गेलेल्याला गेट पासवर सही करताना विचारण्यात अर्थ नाही; राहिलेल्याला विचारावं लागतं, आणि तेही त्याला खरं सांगितल्याचा त्रास होणार नाही अशा पद्धतीनं, जे आपल्याकडच्या 'साहेब' संस्कृतीत सर्वांत अवघड आहे.

लातूरमध्ये हे सगळं पुस्तकी राहणार नाही अशी चिन्हं आहेत. हरंगुळच्या मराठवाडा रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन मार्च २०१८ मध्ये झालं, पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला, आणि वंदे भारतच्या शयनयान गाड्यांचे १,९२० डबे बांधण्याचं काम भारतीय-रशियन भागीदारीतल्या कंपनीला मिळालं. तिथे वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन यांची भरती जेव्हा जोमानं सुरू होईल, तेव्हा आयटीआय झालेल्या, आठ-दहा वर्षं एमआयडीसीत मुरलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा गावात राहून दुसरीकडे जाता येईल. कोणत्या मिलमधून कोण जाणार, याची यादी त्या माणसांच्या मनात एव्हाना बरीचशी तयार झालेली असणार.